रोड की डोंगर? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

लग्नात, चवथीला, पंपावर हवा भरताना, फेरीबोटीत, कुठेही भेटले की लोक माझ्या सायकलिंगबद्दल तेच तेच विचारतात, आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देऊन पळते. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. क्रमाने वाचायची गरज नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

तू नक्की कोण? रोडवाली की एमटीबीवाली, म्हणजे माउंटन बाइकवाली?

पगार रोडचा येतो. एका टीमसाठी मी रोड रेस करते, टीमचं नाव इथे घेणार नाही कारण पुढे थोडं उणंदुणं येणार आहे. पण सायकल शिकले ती डोंगरात, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आणि मला जिंकायचंय ते तिथेच, क्रॉस कंट्री म्हणजे एक्ससीओ मध्ये, डोंगरातल्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या रेसमध्ये. त्यामुळे रोडवाले मला डोंगरवाली म्हणतात आणि डोंगरवाले म्हणतात ही रोडवाली आली, हिला वळण घेता येत नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

सुरुवात कशी झाली?

खाणीमुळे. हसू नका. बाबांचा खाणीवर ट्रक होता आणि २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा तो ट्रक दारात उभा राहिला आणि तसाच गंजला. घरात टेन्शन, पण आम्हा पोरांना मात्र लॉटरी लागली, कारण ज्या रस्त्यावर आई पाऊल ठेवू देत नव्हती तो लाल धुळीचा रस्ता एकदम रिकामा झाला. शाळा सुटली की आम्ही चारपाच जणं सायकली घेऊन तिथे. ब्रेक कुणाच्याच सायकलला धड नव्हते, चप्पल जमिनीला घासून थांबायचं, आई म्हणायची, "गो, महिन्यात दोन जोड चपला कशा संपतात?" उतारावर मागचं चाक घसरलं तर घाबरायचं नाही हे तेव्हाच अंगात गेलं, ते पुढे कुठल्याच कोचला शिकवावं लागलं नाही. रोड नंतर आला, कॉलेजात, कारण सिलेक्शन रोडचं होतं आणि नोकरीची आशा पण रोडलाच होती.

दोन्ही सायकलिंगच ना? पाय तेच, पेडल तेच. फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबर पण आहे, कारण इंजिन एकच असतं. फरक ते इंजिन वापरायच्या पद्धतीत आहे.

रोड रेस तीनचार तास चालते. त्यातला बराच वेळ तुम्ही बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात, कुणाच्या तरी मागे लपलेले असता, वारा पुढचा खातो, तुम्ही खाता केळं. मग अचानक चढ येतो किंवा कुणी अटॅक करतो आणि पाच-दहा मिनिटं जीव जातो, मग परत थोडा आराम. म्हणजे रोडवर हुशारी ही की ताकद कधी वापरायची *नाही*.

एक्ससीओ साधारण सव्वा ते दीड तासाची. शिट्टी वाजली की पहिल्या मिनिटापासून फुल, कारण पुढे ट्रॅक अरुंद होतो आणि जो आधी घुसला तो घुसला, मागच्याने वाट बघायची. लपायला जागाच नाही, मागे राहून वाऱ्यापासून काय वाचणार, वेगच तेवढा नसतो. दर चढाला पॉवर वर, उताराला शून्य, पण उताराला आराम आहे असं समजू नका, पाय थांबले तरी हात, खांदे, डोळे काम करतायत आणि हार्ट रेट खाली येतच नाही. मला पहिल्या रेसनंतर पायापेक्षा पंजे दुखत होते, संध्याकाळी घरी पेजेची वाटी धरता येईना.

अजून एक. मोकळ्या खडीच्या चढावर रोडसारखं उभं राहून दणके दिले की मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, नाक हँडलजवळ नेऊन, जड गियरवर हळू आणि एकसारखा जोर लावायचा. रोडवरचे लोक वॉट, म्हणजे पायांची पॉवर, दाखवतात, पण ते वॉट जमिनीत उतरले पाहिजेत ना.

आणि शरीराची मापं. रोडच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांड्यांमध्ये, दोन पायातलं अंतर साधारण १४५ ते १५० मिमी, एमटीबीला १६५ ते १७५. वाचायला काहीच नाही वाटत, पण सहा तासांची रोड राईड करून दुसऱ्या दिवशी एमटीबीवर बसलात की गुडघ्याची बाहेरची बाजू आठवण करून देते. म्हणून मी दोन्हीचं फिटिंग एकाच माणसाकडून एकाच दिवशी करून घेते.

जगात कुणाला जमलंय का हे?

जमलंय, पण कसं जमलंय ते नीट बघा, नुसती मेडलं मोजू नका.

जुन्यातले बघायचे तर कॅडेल एव्हान्स. १९९८ आणि १९९९ चा एमटीबी वर्ल्ड कप त्याचा, मग पूर्ण रोडला गेला आणि २०११ ला टूर द फ्रान्स जिंकला. रायडर हेशेडाल २००३ ला एमटीबी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आणि २०१२ ला जिरो, म्हणजे इटलीची मोठी रोड रेस, जिंकला. म्हणजे आधी एक, मग दुसरं. ही दोन होड्यांत पाय ठेवायची गोष्ट नाही, ही होडी बदलायची गोष्ट.

खरी दोन होड्यांची गोष्ट टॉम पिडकॉकची. टोकियो ऑलिंपिकच्या साधारण दोन महिने आधी कॉलरबोन मोडलं, तरी २०२१ ला एमटीबीचं गोल्ड. पुढच्या वर्षी टूरमध्ये आल्प द्युएझचा टप्पा जिंकला. २०२४ ला पॅरिसमध्ये मध्येच पंक्चर, चाक बदलून परत आला आणि शेवटच्या लॅपला कोरेत्स्कीला गाठून पुन्हा गोल्ड. टोकियोला तर त्याच्या रोड टीमच्या सायकल कंपनीकडे योग्य एक्ससी सायकलच नव्हती, तो दुसऱ्याच कंपनीची सायकल नाव न दाखवता चालवत होता! मला ही गोष्ट भयंकर आवडते, कारण आमच्याकडे पण स्पॉन्सरचं स्टिकर कुठे लावायचं आणि कुठे झाकायचं यावर अर्धा दिवस जातो.

आता दुसरी बाजू. मॅथ्यू वॅन डर पूल, रोडवर त्याच्यासमोर कोण उभं राहणार, २०१९ ला एमटीबीचे वर्ल्ड कप पण जिंकलेले. टोकियोसाठी टूर अर्धवट सोडली, पहिल्या नंबरवाल्याची पिवळी जर्सी सहा दिवस घालून झाली होती, आणि ऑलिंपिकला पहिल्याच लॅपला मोठ्या दगडावरून खाली गेला. आधी तिथे एक फळी असायची, ती रेसला काढलेली आणि याला वाटलं आहे. २०२३ ला ग्लासगोला रोडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि आठवड्याच्या आत त्याच वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या एमटीबी रेसला सुरुवातीलाच आडवा. पीटर सागान, ज्युनियरचा एमटीबी वर्ल्ड चॅम्पियन, रिओला २०१६ मध्ये रोड सोडून एमटीबी निवडली, टायर गेले, ३५ वा आला. म्हणजे जगातले सगळ्यात तगडे पाय घेऊन सुद्धा एक दगड किंवा एक काटा पुरतो.

माझ्या भिंतीवर कुणाचा फोटो लावायचा झाला तर तो पॉलीन फेरां-प्रेव्होचा. २०१४ ला रोड वर्ल्ड चॅम्पियन, २०१५ ला सायक्लोक्रॉस (चिखल आणि अडथळ्यांची रेस) आणि एमटीबी, तिन्ही एकाच वेळी तिच्याकडे. आणि मग २०१६ ला रिओला एमटीबी रेस पूर्ण सुद्धा करू शकली नाही. तिथून परत उठून २०२४ ला पॅरिसमध्ये गोल्ड, जवळजवळ तीन मिनिटांच्या फरकाने, आणि मग एमटीबी बाजूला ठेवून रोडला गेली आणि २०२५ ला एकाच वर्षात पॅरिस-रुबे आणि बायकांची टूर. बघा, तिने सुद्धा टूर जिंकायची म्हटल्यावर एक बंद केलं.

मग तू एक बंद का करत नाहीस?

रोड बंद केला तर पगार बंद. डोंगर बंद केला तर मी बंद. एवढंच आहे, यात तत्त्वज्ञान नाही.

गोव्यात डोंगर कुठे आहेत? गोवा म्हणजे बीच ना?

हे पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. बीच १०५ किलोमीटरच्या किनाऱ्यावर आहे हो, मागे सगळा सह्याद्री उभा आहे, तिथे कुणी सेल्फी काढायला येत नाही म्हणून दिसत नाही.

रोडसाठी माझा नेहमीचा चढ चोर्ला घाट. सांखळीवरून केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने वर, माथा साधारण ८०० मीटरवर. पहाटे साडेपाचला केरी सोडायचं, कारण आठनंतर बेळगावकडून भाजीच्या गाड्या आणि विकेंडवाले दोन्ही एकदम येतात. अनमोड मी टाळते, ट्रकच ट्रक. दक्षिणेकडे करमळ घाट छान आहे पण हायवे आहे, तिथे एकटं जाऊ नये. फ्लॅट टाइम ट्रायलसाठी, म्हणजे सपाटीवर एकटीने घड्याळाशी शर्यत, दिवाडी बेट, जुन्या गोव्यातून फेरीबोट घ्यायची, खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, मधून रस्ता, सकाळी वाहनं नाहीत, वारा मात्र समोरून असतो आणि परत येताना पण समोरूनच असतो, हे कसं ते मला अजून कळलेलं नाही.

एमटीबीसाठी सडे. जांभ्या दगडाचं पठार, वर गवत, मध्ये मध्ये दगडाच्या नैसर्गिक पायऱ्या, कडेला काजूच्या बागा आणि त्यातून गुरांच्या वाटा. कोर्स बांधायला पैसे खर्च करावे लागत नाहीत, निसर्गाने रॉक गार्डन फुकट दिलंय. मार्च-एप्रिलला मात्र बागेत बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडलेले असतात, त्यावरून चाक गेलं तर साबणावरून गेल्यासारखं, आणि बागवाल्याला विचारल्याशिवाय सिझनमध्ये आत शिरायचं नाही, त्याचं वर्षाचं पोट आहे ते.

दोन ठिकाणी जाऊ नका. एक, चालू किंवा अर्धवट बंद खाणी, पाणी भरलेले खड्डे असतात आणि कड ढासळते. हो, मी लहानपणी गेले, म्हणूनच सांगते. दुसरं, अभयारण्यात परवानगीशिवाय. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर आहे, कुठली पायवाट आत जाते कळत नाही, फॉरेस्टवाल्यांना आधी विचारा, ते वाईट लोक नाहीत, नीट विचारलं तर नीट सांगतात.

पावसाळ्यात काय करता? चार महिने सुट्टी का?

सुट्टी नाही, पण पावसाळाच माझं सगळं कॅलेंडर ठरवतो, कोच नंतर.

जून-जुलैला रोडवर जाण्यात अर्थ नसतो. दिसत नाही, खड्ड्यात पाणी, पाण्याखाली खड्डा किती खोल ते पडल्यावरच कळतं. म्हणून इंजिनचं काम घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, पोर्चमध्ये, पंखा लावून, समोर पाऊस. आठवड्यात दोनदा एमटीबी घेऊन चिखलात. वेगासाठी नाही, फक्त हातासाठी.

आता जांभ्याबद्दल नीट वाचा, कारण बाहेरून येणारे इथेच पडतात. कोरडा जांभा म्हणजे सँडपेपर, टायर असा धरतो की काय सांगू. आणि तोच जांभा जुलैत हिरवा झाला की काच. शेवाळ. त्यावर ब्रेक मारायचा नाही, वळायचं नाही, सायकल सरळ ठेवून वरून निघून जायचं आणि ब्रेक आधीच्या मातीवर मारून घ्यायचा. काळा ओला दगड चालतो, हिरवा ओला दगड नाही. आमच्या आजीला पण हे माहीत होतं, ती विहिरीवर पाय ठेवताना रंग बघूनच ठेवायची.

टायरमध्ये हवा कमी. माझं वजन ५४ किलो, पावसात पुढे १७ आणि मागे १९ पीएसआय, ट्यूबलेस. रोडच्या २८ च्या टायरला ६० च्या आसपास. तुमचं वजन जास्त तर आकडे वर घ्या, माझे कॉपी करू नका. रेझिनचे ब्रेक पॅड लाल चिखलात फार पटकन संपतात, पावसाळ्यापुरते मेटलचे लावा, आवाज करतात पण टिकतात. सीलंट, म्हणजे टायरमधलं पंक्चर बुजवणारं द्रव, इथल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन महिन्यांनी बघायचंच.

आणि बाटली! बाटलीच्या तोंडावर चिखल उडतो आणि आपण तसंच पाणी पितो. गोव्यात पावसाळ्यात लेप्टोचा ताप असतो, उंदरांच्या मुतातून पाण्या-मातीत येतो. झाकणवाली बाटली घ्या किंवा पाठीवर बॅग. खरचटलेल्या गुडघ्याने शेताच्या पाण्यातून जायचं नाही.

खरं भांडण ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. पाऊस गेला, माती दबलेली, धूळ अजून उठलेली नाही, सड्यावर गवत सोनेरी, एमटीबीसाठी वर्षातले सगळ्यात भारी सहा आठवडे. आणि नेमका तेव्हाच रोडचा सिझन उघडतो. पणजीला मिरामारची आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन आणि पुण्याहून गोव्याला येणारी डेक्कन क्लिफहँगर सायकल रेस पण याच दिवसात, म्हणजे ओळखीचे सगळे रोडवर आणि "चल ना" म्हणणारे पण सगळे रोडचे. २०२३ ला आशियाई एमटीबी स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली ती सुद्धा ऑक्टोबरच्या शेवटी. गोव्यात त्याच दिवसात नॅशनल गेम्स सुरू झालेले. एका माणसाने कुठे कुठे जायचं?

मग आठवडा कसा वाटून घेतेस? अर्धा-अर्धा?

अर्धा-अर्धा करून बघितला, दोन वर्षं. दोन्हीकडे मधल्या नंबरात आले. रोडच्या थकलेल्या पायाने डोंगरात गेलं की स्किलचा सराव होत नाही, नुसता पडायचा सराव होतो.

आता महिने वाटते, दिवस नाही. रोडचा ब्लॉक असेल तर चार दिवस रोड, एक दिवस एमटीबी पण ती फक्त तासभर, ताजी असताना, मंगळवारी. एकच उतार दहा वेळा. एमटीबीचा ब्लॉक असेल तर उलटं, लांब राईड रोडवर रविवारी, बाकी इंटरव्हल, म्हणजे जोर-आराम-जोर, सगळे कच्च्या चढावर. आणि सोमवारी काही नाही. सोमवारी कुणी राईडला बोलावलं तर मी फोन उचलत नाही.

रोडचा डोंगरात फायदा होतो का?

होतो, खूप. तिसऱ्या-चौथ्या लॅपला बाकीचे मावळतात तेव्हा मला अजून गियर असतो, तो रोडच्या तासांचा. उलटा पण होतो, ओल्या रस्त्यावर बंचमध्ये कुणी पुढे पडलं तर माझी सायकल आपोआप बाजूला जाते, डोक्याला नंतर कळतं.

पण एक गोष्ट रोड देत नाही, ती म्हणजे स्टार्टची जागा. एमटीबीमध्ये रँकिंगप्रमाणे नाव पुकारून ओळीत उभं करतात. तुम्ही रोडवर कितीही मोठे असा, एमटीबीचे पॉइंट नाहीत तर मागच्या ओळीत. मग अरुंद ट्रॅकला समोर तीसचाळीस जणी आणि तुम्ही सायकल हातात धरून चालताय. शिवाय एक्ससीओमध्ये फार मागे पडलात तर ८० टक्केच्या नियमाने मधूनच बाहेर काढतात, रेस पूर्ण सुद्धा होत नाही. माझ्या पहिल्या दोन रेस अशाच गेल्या. घरी सांगितलं पंक्चर झालं.

पडायची भीती वाटत नाही का?

वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्या मागे मी उतार उतरत नाही.

एकदा ऑक्टोबरमध्येच, पाऊस संपला म्हणून निवांत होते आणि सावलीतला एक दगड अजून हिरवा होता. हात टेकला. मनगट थोडं सुजलं, एक्सरे काढला, काही नाही म्हणाले, घरी पाठवलं, मी आठ दिवस रोडवर चालवली पण! नंतर कळलं स्कॅफॉईड मोडलंय. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जो खळगा असतो ना, तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्सरे क्लिअर आला तरी गप्प बसू नका, ते हाड पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही आणि त्याला रक्तपुरवठा कमी म्हणून जुळतं पण उशिरा. माझा सगळा हिवाळा गेला.

टीमवाले काय म्हणाले?

हेच ते उणंदुणं. पहिला प्रश्न हात कसा आहे हा नव्हता, पहिला प्रश्न होता डोंगरात जायला कुणी सांगितलं. तोंडी परवानगी होती, दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं, माझे चिखलातले फोटो तेच लोक कौतुकाने शेअर करायचे. हात मोडल्यावर कुणालाच काही आठवेना. तीन महिन्यांचे पैसे कापले.

त्यामुळे कुणी रोडच्या टीममध्ये जात असेल आणि डोंगराचं वेड असेल तर आधीच लिहून घ्या. कुठल्या रेस, कुठले महिने, सायकल कुणाची, जर्सी कुठली, मोडलं तर खर्च कुणाचा. बाहेरच्या मोठ्या लोकांच्या करारात पण हे सगळं असतं, फक्त त्यांच्याकडे वकील असतो. माझ्याकडे मावसभाऊ होता, बँकेत आहे, त्याने दोन पानं टाईप करून दिली. चालली.

वजन किती कमी करावं? रोडवाले म्हणतात हलकं व्हा.

हे लिहू की नको असं चाललं होतं, लिहिते. चढाच्या रोड रेससाठी एका वर्षी मी ५४ वरून ४९ वर आले. चोर्ला चढताना मजा आली, खोटं कशाला बोलू. पण एमटीबीवर सायकल हातात राहीना, दगडावर पुढचं चाक उचलायला दंडात जोर नाही, सर्दी महिन्यातून दोनदा, आणि तीन महिने पाळी बंद. मला वाटलं ट्रेनिंग जोरात चाललंय म्हणजे असं होतंच. नाही. पाळी बंद म्हणजे शरीर सांगतंय इंधन पुरत नाही, आणि त्याची किंमत हाडं देतात. मुलींनो, आणि मुलींच्या कोच लोकांनो, हे लाजून गप्प बसायचं प्रकरण नाही, डॉक्टरकडे जायचं.

फेरां-प्रेव्होने २०२५ ला टूर जिंकली तेव्हा तिच्या कमी केलेल्या वजनावर खूप चर्चा झाली, आणि ती स्वतःच म्हणाली की असं वर्षभर राहता येत नाही. तिच्या मागे अख्खी टीम होती, आहारतज्ज्ञ होते. आपल्या मागे कोण आहे? आई. आणि आई बरोबरच सांगत होती.

खातेस काय?

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दोन उंडे आणि पातळ भाजी. पोदेर सुद्धा सायकलवरच येतो, मागे एवढी मोठी टोपली बांधून, ओल्या उतारावर, एका हाताने भोंगा वाजवत. खरा बाईक हँडलर तोच, आम्ही कोण. लांब राईड असेल तर पेज, मीठ घालून, मिसकूट, म्हणजे आंब्याचं लोणचं, तोंडी लावायला. राईडवर केळी, गूळ, खाजं. तासाला साठ-सत्तर ग्रॅम कार्ब बसलं पाहिजे, मग ते जेलमधून आलं काय नि खाजातून आलं काय. फक्त एमटीबी रेसमध्ये चावत बसायला वेळ नसतो, तिथे बाटलीतच साखर-मीठ. आणि इथल्या दमटपणात घाम सुकत नाही नुसता वाहतो, त्यामुळे साधं पाणी पीत राहून चालत नाही, मीठ लागतंच.

जंगलात जनावरं?

गवा. गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि त्याला ते माहीत आहे. समोर आला तर उतरा, सायकल मध्ये ठेवा, थांबा, तो जाईल. घंटी वाजवू नका. कुत्र्यांना मात्र ओरडून नाव घेतलं की गोंधळतात, कुठलंही नाव चालतं.

गव्यापेक्षा मी घाबरते गोचिडीला. सत्तरीत माकडताप आहे, २०१५ ला पाली गावात रुग्ण सापडले होते. डिसेंबर ते मे जास्त. गावात माकड मेल्याचं कळलं की त्या बाजूला जायचंच नाही. राईडनंतर गवतात लोळायचं नाही, कपडे गरम पाण्यात, अंग नीट तपासायचं, आणि ताप आला तर डॉक्टरला "मी जंगलात गेले होते" हे आपणहून सांगायचं.

मुलीने एकटीने जावं का?

जाते मी. लोकेशन बहिणीला चालू असतं, ठरलेल्या वेळेला मेसेज नाही आला तर ती आधी फोन करते, मग बाबांना उठवते. दोनदा उठवलंय, दोन्ही वेळा रेंज नव्हती. शिव्या खाल्ल्या.

किती सायकली लागतात? खर्च?

दोन. लोक सांगतात एक ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पण चालणारी रोडसारखी सायकल, घे, दोन्ही होईल. होत नाही, दोन्हीकडे अर्धंच होतं. पण सुरुवात करणाऱ्याने दोन घेऊ नयेत, एक चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शनवाली, घ्या, हवेच्या फोर्कवाली, आणि तिलाच बारीक टायर लावून वर्षभर रोडवर चालवा. फुल सस्पेन्शन हे रेसला लागतं, शिकायला नाही, उलट ती तुमच्या चुका झाकते. समुद्राच्या बाजूला राहत असाल तर खारी हवा बोल्ट खाते, दर आठवड्याला पुसणं हा पण खर्चच धरा.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. आधी काय द्यावं, रोड की एमटीबी?

एमटीबी. दम पंचविसाव्या वर्षी पण वाढवता येतो, पण उतारावर ढुंगण मागे न्यायची अक्कल लहानपणीच येते. रेसचं नंतर बघू, आधी घसरू दे.

पणजीच्या अटल सेतूवरून सायकल नेता येते का?

नाही. दुचाकीलाच बंदी आहे. खालच्या पुलावरून जा.

पुण्यात एवढी मोठी रोड रेस झाली, आता तरी फक्त रोडच कर ना?

जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर, बघायला गेले होते. प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीचा छोटा टप्पा, आणि चार टप्पे, ४३७ किलोमीटर, बाहेरच्या देशातल्या टीम आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला शाळेतली पोरं झेंडे घेऊन. अंगावर काटा आला. पण ती पुरुषांची होती. बायकांची होऊ दे, मी लाइनमध्ये पहिली उभी राहते, आणि एमटीबी त्या वर्षी घरी बसेल, तिला तसं सांगून ठेवलंय.

ऑलिंपिक?

१९६४ नंतर भारताचा एकही सायकलपटू ऑलिंपिकला गेलेला नाही, आणि एमटीबी तर ऑलिंपिकमध्ये आलीच १९९६ ला. पोनमुडीची ती आशियाई स्पर्धा पॅरिसची पात्रता फेरी होती, ती आपल्या दारात झाली, तरी आपण कुठे आहोत ते तिथे दिसलं. उताराला नाही हो, उताराला आपली पोरं भारी आहेत, पहिल्या पाच मिनिटांत मागे पडतो आपण. म्हणून या वर्षी माझे सगळे इंटरव्हल त्या पाच मिनिटांचे आहेत. माझं वय बघता मी जाईन असं म्हणत नाही, गावातल्या दोन मुली आहेत, चौदाच्या, त्या माझ्या मागे येतात सड्यावर, आणि हल्ली उताराला पुढे जातात.

तुझ्यासोबत राईडला येऊ का?

या. रविवारी, उजाडायच्या आधी, केरीला. पंप आणि ट्यूब स्वतःची आणा, माझी मागायची नाही, गेल्या महिन्यात तीन गेल्या आणि एकही परत आलेली नाही.